नव्वद मासे

धाराशिव
मंगळवार, दि. १६ जुलै २०२४
(रजिस्टर्ड, पोचपावतीसह)

करिश्मा,

रविवार, दि. १४ जुलै २०२४ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तू हर्षालीला माझ्या पुढ्यातून उठवून नेलंस. तिची उजवी वेणी घालून झाली होती. डावीचे तीन पेड माझ्या बोटांत होते. वेळ नक्की माहीत आहे, कारण भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोर होतं, आणि एकोणचाळीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईला घड्याळ बघितल्याशिवाय काही घडलेलं खरं वाटत नाही.

आठ वर्षांची पोर एका वेणीवर पुण्याला गेली. दुसरी तू वाटेत घातलीस की नाही, ते मला कळवलेलं नाही. लाल रिबिनींची जोडी होती. एक तिच्या डोक्यात गेली, एक माझ्याकडे आहे.

आता सगळं क्रमानं मांडते, म्हणजे ‘आई उगाच बोलते’ म्हणायला तुला जागा राहणार नाही.

चौदा एप्रिलला जयंतीसाठी तू आणि रणधीरराव इथं आलात आणि जाताना हर्षालीला माझ्याकडे ठेवून गेलात. ती वर्गात बसत नाही, वाचायला सांगितलं की बाकाखाली जाते, एका मुलीला तिनं ढकललं, अशी पुण्याच्या शाळेची तक्रार होती. तू स्वयंपाकघरात रडलीस आणि तोंड धुऊन बाहेर आलीस. मी ते पाहिलं होतं. मग तू पिशवीतून माशाच्या तेलाच्या गोळ्यांच्या दोन बाटल्या काढल्यास. रोज नाश्त्यानंतर एक, तीन महिने. तुमच्या फोनवरच्या आयांच्या ग्रुपमध्ये सगळ्याच देतात, यानं पोरं एका जागी बसतात, वाचायला लागतात, असं तू म्हणालीस. नोंद ठेवायला सांगितलीस आणि दर रविवारी त्या पानाचा फोटो मागितलास.

मी नोंद ठेवली. तारीख, डोस, वाचन, वागणूक असे चार रकाने. एक रविवार चुकला नाही. गल्लीतल्या शाळेत जून महिन्यापासून तिला तिसरीत बसवलं, तेही तुझ्या संमतीनं.

आणि परवा तुम्ही न कळवता सहा वाजून पाच मिनिटांनी मागच्या दारानं आलात. मी परसातल्या हौदावर वाकलेली, हातात चहाची गाळणी, गाळणीत तेलाची एक फुगलेली गोळी. तू म्हणालीस, “आई, तू माझ्या पोरीचं औषध पाण्यात टाकतेस? आणि मला फोटो पाठवतेस ‘डोस दिला’ म्हणून?”

मी काही बोलले नाही. रणधीरराव म्हणाले, आधी बसून बोलू. तू बसली नाहीस. मी तुझं कधी काही पटवूनच घेतलं नाही, तुझी पोर बरी होण्यापेक्षा तुला खोटं पाडणं मला महत्त्वाचं आहे, असं बरंच बोललीस. तीन तास सामान भरलंस. शेवटी मी तिला वेणी घालायला बसवली, तर तीही पुरी होऊ दिली नाहीस.

पासष्ट वर्षांची झाले मी; माझं तोंड बंद राहिलेलं तू किती वेळा पाहिलंस? तरी थांबून ‘आज आई गप्प का’ असं विचारावंसं तुला वाटलं नाही. तुला राग येण्यासारखं दिसलं हे मी मान्य करते. पण जे दिसलं ते तसं नव्हतं. हौदावर मी काय करत होते ते आज सांगणार नाही. कारण आहे.

हर्षालीला परत केव्हा आणणार, ते लेखी कळव. फोनवर तू ‘बघू’ म्हणतेस आणि ठेवून देतेस.

तुझी आई,
संघप्रिया ओव्हाळ
निवृत्त सब-पोस्टमास्तर


धाराशिव
शुक्रवार, दि. २६ जुलै २०२४
(रजिस्टर्ड, पोचपावतीसह)

करिश्मा,

पहिल्या पत्राची पोचपावती आली. सही रणधीररावांची. उत्तर नाही.

परवा त्यांचा फोन आला होता, तुला माहीत नसावा. ते लाजत लाजत बोलले. डोंगरातल्या कुठल्या तरी निवासी शाळेचा फॉर्म तू आणला आहेस. दिवाळीनंतर प्रवेश, फॉर्म भरायची शेवटची तारीख ३१ ऑगस्ट. तिथं अशा मुलांना शिस्त लावतात म्हणे. हर्षाली पुण्याला गेल्यापासून पुस्तक उघडत नाही आणि जेवणाच्या टेबलाखाली बसून राहते, हेही त्यांनीच सांगितलं.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून कळली. माझ्या नोंदवहीचे फोटो तू ग्रुपवर टाकत होतीस. ‘माझ्या मुलीला फरक पडला, बघा’ असं लिहून. ते वाचून चाळीस घरांत त्या गोळ्या गेल्या. म्हणजे हौदावर मला बघितलंस तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढं त्या चाळीस बायका उभ्या राहिल्या असतील. हे तू मला त्या दिवशी सांगितलं असतंस तर मला तुझा राग निम्मा तरी कळला असता. पण तू मला काही सांगत नाहीस. त्याला फार वर्षं झाली आणि तेही का, ते मला अगदीच माहीत नाही असं नाही. तो विषय आज नको.

तू म्हणालीस की माझा त्या तेलावर विश्वासच नव्हता. हा आरोप मला फार लागला, म्हणून जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते.

मी आठ वर्षांची असताना, म्हणजे हर्षालीएवढी, माझी आई सोलापूरला मिशनच्या दवाखान्यात आया होती. सिस्टरांनी मला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात घेतलं. त्याआधी मी गावी होते. गावच्या चहाच्या दुकानात आमचा कप वेगळा असायचा, बाहेर खिडकीत पालथा घातलेला. आपला आपण धुवायचा आणि परत पालथा घालायचा. मला वाटायचं जगात सगळीकडे असंच असतं.

वसतिगृहात रोज सकाळी प्रार्थनेनंतर माशाचं तेल मिळायचं. त्रेचाळीस मुलींची रांग आणि एकच चमचा. सिस्टर प्रत्येकीच्या तोंडात घालायच्या, पाण्याच्या वाटीत बुडवायच्या की पुढची मुलगी. माझ्या पुढं एका वकिलाची मुलगी, मागं कापडवाल्याची. चमचा वकिलाच्या मुलीच्या तोंडातून माझ्या तोंडात आला आणि माझ्या तोंडातून मागच्या मुलीच्या तोंडात गेला. मी मागं वळून बघितलं, आता काय होतंय म्हणून. काही झालं नाही. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली ती तेलासाठी.

त्या तेलानं माझी बुद्धी वाढली की नाही कुणास ठाऊक. पण बाकीच्या मुली गालात धरून नळावर थुंकायच्या, मी एक थेंब थुंकला नाही. त्या रांगेत उभं राहायला मिळतं म्हणून मी ताप असतानाही उठायची.

तू पिशवीतून बाटली काढलीस तेव्हा मला झाकण उघडायच्या आधी वास आला. मी तुला म्हणाले, ठेव तिथं, देईन. तू ते रुक्षपणा म्हणून घेतलंस. त्या वेळी मी मनानं सिस्टरांच्या रांगेत उभी होते. माझं तोंड आणि माझं मन यांची गाठ कमी वेळा पडते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

फॉर्म भरू नकोस. लेखी कळव.

आई


धाराशिव
सोमवार, दि. ५ ऑगस्ट २०२४
(रजिस्टर्ड, पोचपावतीसह. फक्त करिश्मानेच उघडावे.)

करिश्मा,

दुसऱ्या पोचपावतीवर तुझी सही आहे. नाव, तारीख, खाली रेघ. बाकी कोरं. निदान पत्र तुझ्या हातात पडलं.

हे पत्र वाचून झाल्यावर हर्षालीच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेव. फाडलंस तरी चालेल. यात जे आहे ते तिला कळू नये म्हणून मी तुझ्यापुढं खोटी ठरले.

ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघींनी वंदना घेतली. पंचशील झाल्यावर तिनं विचारलं, “आज्जी, गोळीतला मासा जिता होता का?”

मी म्हणाले, होता कधीतरी.

“मग आपण आत्ता काय म्हणलो?”

जिवंत प्राण्याची हिंसा करणार नाही, हे पहिलं शील आम्ही आत्ताच म्हटलं होतं. पाली कळत नाही म्हणून मीच तिला आदल्या दिवशी अर्थ सांगितला होता. आठ वर्षांच्या मुलीनं तो लक्षात ठेवला आणि बरोबर जागी मला धरलं. आणि ही म्हणे वर्गात लक्ष देत नाही. मी तिला काय उत्तर दिलं? मी म्हणाले, सरळ बस.

त्यानंतर ती गोळी मुकाट्यानं घ्यायला लागली. मला वाटलं, जिंकले.

पंधरा दिवसांनी हौदाच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसायला लागला. हौद आमचा आणि शरणम्माचा मिळून आहे, तुला माहीत आहे. तीस वर्षं आमची धुणीभांडी त्यावरच. मी सरळ शरणम्माला बोलले, की भज्यांची कढई हौदात बुडवत जाऊ नका. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, दोन मे रोजी सकाळी साडेआठला, तिनं मला खुणेनं स्वयंपाकघराच्या खिडकीशी बोलावलं.

हर्षाली हौदाच्या कठड्यावर बसली होती. तिनं गालातून गोळी काढली, फ्रॉकला पुसली आणि दोन्ही हातांनी पाण्यात सोडली. पाखरू सोडतात तशी. मग मांडीवर माझं जुनं पिनकोडचं पुस्तक उघडलं आणि पाण्याकडे तोंड करून वाचायला लागली. येडशी. ढोकी. तेर. प्रत्येक गावाला थांबत, अक्षरावर बोट ठेवत. गोळीला सांगत होती की नालीतून भोगावती नदीला जायचं, तिथून पुढं कुठल्या गावी जायचं ते ऐकून ठेव, म्हणजे चुकायची नाहीस.

अकरा गावं वाचली. वीस मिनिटं एका जागी. घड्याळ बघितलं मी.

मला शरणम्माची धास्ती. लिंगायत घर, अंडं शिवत नाहीत, आणि त्यांच्या पाण्यात पंधरा दिवस माशाचं तेल. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती पदर तोंडावर धरून हसत होती. म्हणाली, “लेकरू हाय वो बाई. पाण्यात मासे न्हाय सोडायचे तर काय म्हशी सोडायच्या? त्या पाण्यानं म्या धुणं धुते, सैपाक न्हाय करत.” कढईबद्दल मात्र तिनं मला अजून माफ केलेलं नाही. बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हौद बघितला. आधीच्या गोळ्या विरघळून त्यांचाच तवंग झाला असावा; कालची फुगून तरंगत होती, मेल्यासारखी. पोर उठून हे बघणार. मी घरात गेले, हाताला चहाची गाळणी लागली, तिच्यानंच गोळी काढली आणि जास्वंदीच्या मुळाशी पुरली. तवंग जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपला. साडेआठला हर्षाली आली. स्वच्छ पाण्यात वाकून बघितलं. म्हणाली, “गेला.”

त्या दिवसापासून रोज, चौदा जुलैपर्यंत. तू पाहिलंस तो शेवटचा होता. नव्वद गोळ्यांपैकी एकही तिच्या पोटात गेलेली नाही, असं माझं मत आहे.

आता नोंदवहीचं. डोसच्या रकान्यात ‘दिला’ असं आहे. ‘घेतला’ असं मी कुठंच लिहिलेलं नाही. हे कसं दिसतं ते मला कळतं. माझ्या हाताखालच्या कारकुनानं अशी नोंद केली असती तर मी त्याला त्याच दिवशी मेमो दिला असता. वागणुकीच्या रकान्यात मे महिन्यात एक नोंद आहे, ‘चहा आपणहून सोडला.’ ती मी सुधारणा म्हणून लिहिली, तू ग्रुपवरही टाकलीस. गाळणी मी रोज साबणानं घासून उकळत होते, एवढंच सांगते.

पण वाचनाच्या रकान्यातला शब्द न् शब्द खरा आहे. जूनच्या शेवटी ती दोन पानं सलग वाचत होती. माझ्यासमोर नाही. मी समोर बसले की ती टेबल शोधायची, कारण मी पहिल्याच शब्दाला अडवते. माशांना कुणी अडवत नाही. एकदा तिलाच एक नाव वाचता येईना. थोडा वेळ झगडली आणि मग पाण्याला म्हणाली, “न्हाय आलं तरी चालतंय. उद्या बघू.” करिश्मा, ही भाषा तिनं शरणम्माकडून उचलली. ते वाक्य ना मी कुणाला म्हटलंय, ना तू.

त्या रविवारी तू ओरडलीस तेव्हा हर्षाली जागी होऊन उंबऱ्यावर आली होती. तुझी तिच्याकडे पाठ होती. मी गाळणी का धरली आहे ते सांगितलं असतं, तर तिला कळलं असतं की नव्वदातला एकही मासा भोगावतीला गेला नाही. म्हणून मी गप्प राहिले. खोटारडी म्हणवून घेणं सोपं गेलं असं समजू नकोस.

मी इथल्या बालरोगतज्ज्ञांनाही भेटून आले. ते म्हणाले, या तेलानं काही मुलांत थोडा फरक दिसतो म्हणतात, पुष्कळांत काहीच नाही, फार भरवसा ठेवू नका. तेलापेक्षा मुलीची वाचनाची नीट तपासणी करून घ्या, काही मुलांना अक्षरं अवघड जातात, त्यात आळस नसतो. सोलापूरला तशी तपासणी होते. मी नेईन.

तेव्हा तुझ्या चाळीस बायकांना काय कळवायचं ते तू ठरव. फरक पडला हे खरं आहे. तेलानं पडला नाही हेही खरं आहे.

एकतीस तारीख जवळ येते आहे.

आई


धाराशिव
सोमवार, दि. १९ ऑगस्ट २०२४
(रजिस्टर्ड, पोचपावतीसह)

करिश्मा,

तिसऱ्या पत्राची पोचपावती परवा शनिवारी मिळाली. तुमच्या भागातल्या पोस्टमननं रजिस्टर्ड टपाल अल्पवयीन मुलीच्या हातात दिलं आणि तिची सही घेतली. हे नियमाला सोडून आहे. माझ्या ऑफिसात असं झालं असतं तर मी खुलासा मागितला असता. मी तक्रार करणार नाही. कार्ड माझ्याजवळच ठेवणार आहे.

सही अशी आहे: हर्षाली. मोठ्या अक्षरांत, रेघ सोडून वर चढत गेलेली, शेवटचं अक्षर तारखेच्या चौकटीत घुसलेलं. त्यात काय काय चुकलं आहे ते मला एका नजरेत दिसलं. ते मी इथं लिहिणार नाही.

ज्या पत्रावर मी ‘फक्त करिश्मानेच’ असं लिहिलं, ते नेमकं तिच्याच हातात. फोडलं असेल का? वाचलं असेल का? तिला वाचता येतं हे सांगणारी मीच, आणि आता ते तिला येऊ नये असं मला वाटत होतं. शरणम्माला कार्ड दाखवायला गेले. तिला मराठी वाचता येत नाही, कानडी येतं. ती कार्ड उलटंसुलटं करून म्हणाली, हितं कोपऱ्यात अजून काय तरी लिव्हलंय बगा.

कडेला, बारीक अक्षरांत होतं. “आज्जी गाळणी बदल.”

मी तिथंच तिच्या कट्ट्यावर बसले.

आता नीट ऐक, कारण हे तुला पोस्टातल्या बाईशिवाय कुणी सांगणार नाही. पोचपावतीवर सही पाकीट फोडायच्या आधी होते. पोस्टमन कार्ड घेऊन निघून जातो, पाकीट नंतर उघडतं. म्हणजे तिनं हे लिहिलं तेव्हा पत्र बंद होतं. पत्रातून तिला काही कळलेलं नाही. तिला आधीच माहीत होतं.

केव्हापासून, ते मी नोंदवहीत शोधलं. तिनं चहा सोडला त्या तारखेपासून, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यापासून. चहाला वास आला असेल, मग एखाद्या पहाटे खिडकीतून तिनं मला बघितलं असेल. मी तिला बघत होते तीच खिडकी. आणि तरी ती दोन महिने रोज साडेआठला हौदावर बसून गावं वाचत होती. मासे जात नाहीत हे माहीत असताना. खिडकीच्या आत कोण उभं असतं हेही माहीत असणार.

मग ती कुणाला वाचून दाखवत होती? या प्रश्नाचं उत्तर मी तुझ्याकडून मागत नाही.

पोचपावती म्हणजे काय ते मीच तिला मे महिन्यात शिकवलं होतं. पत्र पुढं जातं, कार्ड पाठवणाऱ्याकडे परत येतं. ती म्हणाली होती, “म्हंजे पत्राला शेपूट असतंय.” तिला माहीत होतं की हे कार्ड माझ्याकडे येणार. जी मुलगी वर्गात एक ओळ लिहीत नाही, तिनं पोस्टमन दारात उभा असताना, दुसऱ्याच्या पेननं, तीन शब्द लिहून मला पाठवले. तिला निवासी शाळेत कोणती शिस्त लावायची आहे?

आता तो विषय, जो मी दुसऱ्या पत्रात टाळला.

तू लातूरच्या होस्टेलवर होतीस तेव्हा दर आठवड्याला पत्र लिहायचीस. थैली फोडल्यावर तुझं पाकीट मीच आधी काढून ठेवायची, काउंटर बंद झाल्यावर वाचायची. आणि मग लाल पेन घेऊन चुका काढायची, तारीख नाही, अक्षर गिचमिड, वाक्य अर्धवट, आणि तेच पत्र तुला परत पाठवायची. मला वाटायचं की सिस्टरांनी मला घडवलं तसं मी तुला घडवते आहे. एका पत्रात तू लिहिलं होतंस की तुला रात्री झोप येत नाही आणि घरी यायचं आहे. मी ‘यायचं आहे’च्या पुढं पूर्णविराम दिला आणि परत पाठवलं. त्यानंतर तुझं पत्र आलं नाही. एकोणीस वर्षं झाली.

ती पत्रं माझ्याकडे नाहीत. मीच परत केली होती. तू ठेवली असशील असं वाटत नाही. पण ते एक मला पाठ आहे, चुकांसकट.

त्या वेळी मी लातूरला यायला हवं होतं. दोन तासांची एसटी होती. मी आले नाही. माझं चुकलं. हे मी निळ्या पेननं लिहिते आहे.

सिस्टर आम्हाला चमचा द्यायच्या तेव्हा कुणाचं तोंड वाकडं झालं म्हणून कधी रागावल्या नाहीत, हे मला आत्ता आठवतं. मी तेवढंच विसरले आणि बाकीचं सगळं लक्षात ठेवलं.

तर माझं म्हणणं असं आहे.

निवासी शाळेचा फॉर्म भरू नये. हर्षालीनं हे वर्ष इथं काढावं. वाचनाच्या तपासणीला आपण तिघी सोलापूरला जाऊ. तू रजा काढून ये, मी एकटी नेणार नाही. गोळ्या द्यायच्या की नाही ते तू आणि डॉक्टर ठरवा. दिल्या, तर मी देईन, आणि तिनं त्यांचं काय केलं ते जसं असेल तसं लिहीन. ती माझ्यासमोर वाचत असेल तर मी स्वयंपाकघरात असेन. तिला इथं राहायचं नसेल तर तसं तिनं सांगावं. मी ऐकेन आणि उलट बोलणार नाही. तुला मी शब्द दिलेला आहे असं समज.

गाळणी बदलली आहे. जुनी हौदाच्या कठड्यावर खिळ्याला टांगून ठेवली आहे. ती टाकायची की नाही हे हर्षाली आल्यावर ठरवेल.

सोबत तिकीट लावून, माझा पत्ता लिहून एक पाकीट पाठवत आहे. त्यातच माझं लाल पेन आहे. दुसरं घरात नाही, शोधून खात्री केली आहे. ते तू ठेव, मोड, किंवा त्याच पेननं हे पत्र तपासून परत पाठव. माझी हरकत नाही.

उत्तर लेखी हवं. चार ओळी चालतील, अर्धवट वाक्य चालेल, तारीख नसली तरी चालेल. नाही जमलं एकदम तर ‘उद्या बघू’ एवढं लिहिलंस तरी मी ते उत्तर धरेन. फोन धरला जाणार नाही.

गुरुवार, दि. २९ ऑगस्ट २०२४, सायंकाळी पाच वाजेपर्यंत ते माझ्या हाती पडलं पाहिजे. त्या दिवशी मी दुपारपासून दारात बसणार आहे. डाव्या वेणीची रिबीन माझ्याकडे धुऊन ठेवलेली आहे.

तुझी आई